तेहेतीस कोटी भागिले सतरा

उजू,

तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. भांडले म्हणजे चांगली उभी राहिले, माइक मागून घेतला आणि तुमच्या शाळेच्या विश्वस्तांचं वाक्य भर सभेत खोडून काढलं. तुझे सुधीरराव पहिल्या रांगेत होते. टेबलावर तुझा फोटो, आणि त्याला घातलेला हार इतका जाडजूड की चष्म्याच्या खाली तू दिसतच नव्हतीस. त्या फोटोकडे हात करून हे गृहस्थ म्हणाले, "बाईंच्या हातून आयुष्यात गणिताची एकही चूक झाली नाही."

आता सांग, मी गप्प कशी बसणार?

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल जे काही बोलतायत ते ऐकून माझं डोकं उठलंय. शांत होत्या म्हणे. रिक्षावाल्यानं पुढे एक जादा माणूस बसवला म्हणून कोपर स्टेशनपर्यंत त्याच्याशी वाद घालणारी तू, शांत! कुणाला कधी दुखावलं नाही म्हणे. मला विचारा ना. आणि आता हे, एकही चूक नाही. अगं, तुझी चूक हातभर उंचीच्या आकड्यांत, निळ्या ऑइलपेंटनं, शाळेच्या तळमजल्यावर रंगवलेली होती. ती काय या लोकांना दिसली नाही?

का ती चूक नव्हतीच? हेच तर तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

सुरुवात कल्याणच्या कॉलेजातली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला बीजगणित शिकवणारे आपले सर फळ्याजवळ गेले आणि एकाखाली एक आकडे लिहायला लागले. ३१. त्याखाली ३३१. त्याखाली ३३३१. मग ३३३३१. प्रत्येक वेळी मागे वळून विचारायचे, "मूळ की संयुक्त?" म्हणजे हिला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कुणी भागतं का नाही. आपण सगळे ओरडायचो, मूळ. आणि खरंच त्या मूळच होत्या. सर एकेक तीन वाढवत गेले, आपण ओरडत गेलो. शेवटी त्यांनी लिहिलं, ३३३३३३३३१. तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. "आता?" मूळ! सगळा वर्ग. सर खडू ठेवून हात झटकत म्हणाले, "सतरानं भागा."

गेला भाग. बाकी शून्य.

"सात वेळा खरं झालं म्हणून आठव्यांदा होईल असं गणितात नसतं," सर म्हणाले होते. मला तो तास लख्ख आठवतो. तू माझ्या उजव्या हाताला बसली होतीस आणि बाकाखाली चिंचा खात होतीस, हेही आठवतं. तुझं म्हणणं, त्या दिवशी तू नव्हतीसच. "मी पनवेलला मावशीकडे गेलेले." कुठली मावशी? तुझी मावशी नाशिकला. पनवेलची मावशी या एका तासापुरती जन्माला आली.

पुढे दोघी शिक्षिका झालो. मी ठाण्याच्या शाळेत, तू डोंबिवलीच्या. मी राहायला कोपरीत, तू कोपरला. आपली पार्सलं चुकून एकमेकींकडे जायची, आणि तू म्हणायचीस की आपल्या दोघींत फरक फक्त एका वेलांटीचा आहे. मी म्हणायचे, आणि सत्तावीस खोट्यांचा.

एक गोष्ट मात्र इथे कबूल करायला हवी, नाहीतर मी तुझ्यावर नुसती चिडलेली वाटेन. आई गेली तेव्हा महिनाभर माझ्या घरी माणसं येत होती आणि प्रत्येकजण मला रडायला लावून जात होता. तू आलीस, दारातच पिशवीतून कागद काढलास आणि म्हणालीस, "सुषमा, हे भूमितीचं गणित सुटत नाहीये. बघ जरा." ना चौकशी, ना सांत्वन. मला इतका राग आला होता! पण बसले. दुपार गेली, चहा गार झाला, चार आकृत्या फाडल्या, आणि संध्याकाळी ते सुटलं. आई गेल्यानंतर तेवढी एक दुपार मी माणसासारखी श्वास घेत होते. तू माझी रीत तपासलीस, मान हलवलीस आणि म्हणालीस, "हं. माझीही हीच होती."

म्हणजे तुला येत होतं. येत नसल्याचं सोंग घेऊन तू कोपरहून कोपरीला आली होतीस. तेव्हापासून तुझ्या कुठल्याही "येत नाही"वर आणि कुठल्याही "माहीत होतं"वर माझा विश्वास बसेना. आता पुढचं सगळं भांडण त्यातूनच आलं.

ठाण्यातल्या आंतरशालेय गणित स्पर्धेला मी प्रश्न विचारायला बसले होते. शेवटच्या फेरीत दोन मुलं उरली. त्यातली एक लांब वेणीची, हात कायम वर असलेली मुलगी. मी सरांची आठवण काढत तो जुना प्रश्न टाकला. "तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. मूळ की संयुक्त?"

आकडा पूर्ण व्हायच्या आधीच ती हसायला लागली. "मूळ!"

"चूक."

"नाही बाई, मूळच आहे."

"कशावरून?"

"आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलंय."

सभागृह हसलं. आधी मोठी माणसं हसली, त्यांचं पाहून पोरं. मुलगी उभीच राहिली. रडली नाही. समोरच्या मुलानं दोन मिनिटं कागदावर काहीतरी केलं आणि म्हणाला, सतरानं जातोय. टाळ्या. मी त्या मुलीला विचारलं, कुठली शाळा? तिनं शाळेचं नाव सांगितलं आणि मी ओळखलं, हे कुणाचं काम. कारण त्या शाळेत भिंतीवर गणित रंगवून घेईल अशी एकच बाई होती.

घरी येऊन चपला काढायच्या आधी तुला फोन लावला.

"उजू, तळमजल्याच्या भिंतीवर काय लिहून ठेवलंयस?"

"पुष्कळ काय काय. पायथागोरस आहे, पायची किंमत आहे..."

"तीन-तीन-तीन-एकचा मनोरा आहे?"

"आहे. वर लिहिलंय, या सगळ्या मूळ संख्या आहेत. पोरांना फार आवडतो."

"शेवटच्या ओळीला सतरानं भाग."

मला मागे तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तू अगदी थंडपणे म्हणालीस, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की ती संयुक्त आहे. मुद्दाम लिहिलीय. सापळा आहे तो. कुणीतरी शहाणं पोर स्वतः भागून बघेल आणि मला येऊन सांगेल, बाई, तुम्ही चुकलात. त्याचीच वाट बघतेय."

"किती वर्षं झाली सापळा लावून?"

"झाली की बरीच."

"एकही उंदीर नाही सापडला?"

"पोरं आळशी आहेत, त्याला मी काय करू?"

"आज सापडला," मी म्हटलं. "तुझ्याच शाळेतली मुलगी माझ्यासमोर स्टेजवर हरली. बाईंनी लिहिलंय म्हणून हरली. सिद्धी नाव आहे तिचं."

यावर तू फोन ठेवलास. इतक्या वर्षांत तू माझा फोन कधी ठेवला नव्हतास. बोलून बोलून मीच ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून डोंबिवलीला आले. तुला फैलावर घ्यायला आले होते, खोटं कशाला बोलू? पण माझ्या आधी सिद्धीचे वडील पोचले होते. तिथल्या जुन्या गाववाल्यांपैकी, पूर्वी मिठागरं असलेलं घर. पांढरा शर्ट, हातात मोटरसायकलची किल्ली, आणि आवाज साऱ्या व्हरांड्याला पुरेल असा.

"माजी पोरगी काल जेवली नाय! लोक हसले तिला. तुमच्या भिंतीवरचं वाचून बोलली ती. मंग चूक कोनाची?"

मुख्याध्यापकांनी घाम पुसत तोडगा काढला, रंगारी बोलावू, भिंतीला चुना लावू, विषय संपला. तू म्हणालीस, "चुना नाही लावायचा. नववीचा वर्ग खाली बोलवा."

वर्ग खाली आला. व्हरांड्यात, भिंतीसमोर, गर्दी करून उभा राहिला. सिद्धी सगळ्यांत मागे, खाली मान घालून. मी खांबाशी. तू पदर खोचलास. वर्गात अवघड काही सुरू करायच्या आधी खोचायचीस तसाच. आणि अजिबात घसा न खाकरता बोललीस.

"ही शेवटची ओळ चुकलेली आहे. मी चुकले. वरच्या सात बरोबर निघाल्या म्हणून आठवी तपासली नाही. तीननं बघायला हवं होतं, मग सात, अकरा, तेरा. सतरापर्यंतसुद्धा गेले नाही मी. एवढंही केलं नाही. सिद्धीनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि ती माझ्यामुळे हरली. सिद्धी, पुढे ये."

ती आली. तू तिच्या हातात खडू दिलास. फळा नव्हता, म्हणून तिनं जमिनीवर, शहाबादी फरशीवर बसून भागाकार मांडला. सगळी पोरं वाकून बघत होती. तेहेतीसात सतरा एकदा. एकशे त्रेसष्टात नऊ वेळा. एकशे तीनात सहा. मग उरले एक, वरून उतरवले तीन, झाले तेरा, आणि तिथे ती अडली.

"तेरात सतरा जात नाहीत, बाई."

"मग वर काय लिहायचं?"

"शून्य."

"लिही. तो शून्य विसरलीस तर सगळं कोसळेल."

तिनं शून्य लिहिला. पुढे सरकली. आणि जेव्हा शेवटी एक्कावन्न उरले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं तरी अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "सतरा त्रिक एक्कावन्न!" बाकी शून्य. भागाकार एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काल ठाण्यात वाजल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. तू रंगाचा डबा मागवलास आणि तिच्याकडूनच त्या ओळीखाली लाल रंगात लिहून घेतलंस, = १७ × १९६०७८४३. आणि वरचं 'या सगळ्या' खोडून 'या पहिल्या सात' करायला लावलंस.

तिच्या वडिलांनी किल्ली खिशात टाकली. "बाई, तुमी सर्वांपुढं बोलल्या. आता माजं काय नाय."

मला तर भरून आलं होतं. खरं सांगते. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण पोरांसमोर इतकं सरळ "मी चुकले" म्हणताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, ही सुधारली. म्हणून समोरच्या टपरीवर चहा पिताना मी अगदी मवाळपणे म्हटलं, "म्हणजे तुला माहीत नव्हतं तर."

तू फुंकर मारत म्हणालीस, "माहीत होतं."

"मग आत्ता आत काय बोललीस?"

"ते तिच्यासाठी. सापळा होता म्हटलं असतं तर ती मूर्ख ठरली असती. मी चुकले म्हटल्यावर ती शहाणी ठरली."

"म्हणजे तू त्या पोरीशी खोटं बोललीस."

"किंवा तुझ्याशी बोलत असेन."

"उजू, दोन्हीपैकी एकच खरं असणार! संख्या एक तर मूळ असते नाहीतर संयुक्त असते."

"आणि एक?"

"काय एक?"

"एक ही संख्या. ती ना मूळ, ना संयुक्त."

मी चहा तिथेच ठेवला आणि स्टेशनकडे चालू पडले. तू मागून ओरडलीस, "बिस्किटं तरी घे!"

त्यानंतर मी तुला किती वेळा विचारलं असेल! मासुंदा तलावाच्या काठावर बाकावर बसून विचारलं. तुझ्या निवृत्तीच्या समारंभात, तू नारळ हातात घेऊन उभी असताना कानाशी विचारलं. तू दर वेळी तिसरंच काहीतरी काढायचीस. एकदा म्हणालीस, "या संख्येचा अभ्यास कर आधी. स्वतःला सोडून तिचे विभाजक किती? एक, सतरा आणि ते एक कोटी शहाण्णव लाखवालं. तिघांची बेरीज कर. दोन कोटीसुद्धा भरत नाही. तेहेतीस कोटींचं नाव, आणि भागीदारांची बेरीज दोन कोटींच्या आत. अशा संख्येला न्यून म्हणतात. तुमच्या त्या मुख्याध्यापिकेसारखी." मला हसू आलं आणि प्रश्न बाजूला पडला. हीच तुझी युक्ती. विभाजकांची बेरीज संख्येहून जास्त झाली तर विपुल, बरोबर तेवढीच झाली तर परिपूर्ण, असं तू ओळखीपाळखीच्या सगळ्यांना वाटून टाकलं होतंस. सुधीरराव परिपूर्ण, कारण ते बोलत नाहीत. मी विपुल, कारण मी फार बोलते. तू स्वतः कशात, ते सांगायला तयार नव्हतीस.

चीड यायची, उजू. अजून येते. एक साधं हो किंवा नाही. सहावीच्या पोरालाही देता येतं.

मग तुझं दुखणं आलं आणि मी विचारणं सोडलं. तू ठाण्याच्या हॉस्पिटलात, मी पलीकडे कोपरीत, म्हणून दुपारची पाळी माझी असायची. तू अर्धी झाली होतीस, पण खोड गेली नव्हती. सलाइनचे थेंब मोजून सिस्टरला वेग चुकलाय म्हणून सांगायचीस. त्या शेवटच्या दुपारी मी तुझे पाय चेपत होते. तू डोळे मिटून पडली होतीस. झोपली असशील असं मला वाटलं.

"विचारत नाहीस हल्ली?"

"काय?"

"भिंतीचं."

"नाही विचारत."

"का? मी मरतेय म्हणून?"

"गप्प बस, उजू."

"विचार ना. आज सांगेन."

तू सांगायला निघाली होतीस, याचा अर्थ मला कळला आणि तो मला नको होता. मी म्हटलं, "घरी आलीस की विचारीन. तुझ्या ओट्याशी उभी राहून विचारीन. इथे नाही."

"आणि नाहीच आले तर?"

"तर तुझं तुझ्यापाशी ठेव."

तू हसलीस. हसताना खोकला आला, सिस्टर धावत आली आणि आपल्या दोघींवर ओरडली. मग तुझा खरंच डोळा लागला. मी पिशवी उचलली आणि निघाले.

तर शोकसभेत मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, माफ करा. बाई चुकायच्या. खालच्या मजल्यावर त्यांची चूक अजून भिंतीवर आहे, जाताना बघा. मी त्यांना कॉलेजपासून ओळखते. त्या रागीट होत्या, हट्टी होत्या, आणि एका मुलीचं नुकसान झालं तेव्हा चाळीस मुलांसमोर मी चुकले म्हणाल्या. तुम्ही चूकच काढून टाकलीत तर ते वाक्यही जाईल. मग बाईंचं उरलं काय?" एवढं बोलले, माइक कुणाच्या तरी हातात देऊन खाली बसले. विश्वस्त रागावले असतील, रागवोत.

सभा संपल्यावर मागून कुणीतरी हाक मारली. लांब वेणी आता कापलेली, पण मी ओळखलं. सिद्धी एमएस्सी करते, गणितातच. तिला घेऊन मी खाली गेले. भिंत आहे अजून. निळा रंग विटलाय, लाल ओळ तशीच आहे.

"बाईंना खरंच माहीत नव्हतं का गं?" मी तिलाच विचारलं. काय करणार, तू नाहीस.

ती म्हणाली, "मी दहावी झाल्यावर त्यांना विचारलेलं. तर म्हणाल्या, कॉलेजात सुषमानं मला सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही."

म्हणजे तिसरी जबानी! मी कधी सांगितलं? सरांनी सांगितलं! आणि तू तर पनवेलला होतीस ना?

सिद्धी पुढे सांगत होती. आठव्या ओळीनंतर तीन वाढवत गेलं की त्या संयुक्तच निघत जातात. पुढची सहाशे त्र्याहत्तरनं जाते, त्याच्या पुढची तीनशे सातनं, अशा पडतच जातात. "आणि मग एकदम अठरा अंकी संख्या येते ना बाई, ती परत मूळ." मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो मनोरा सतरानं पाडला तो पाडलाच. मी म्हटलं, "उजूला सांगितलंस हे?"

"सांगितलं ना. तर म्हणाल्या, मला माहीत होतं."

आम्ही दोघी त्या व्हरांड्यात इतक्या हसलो की शिपाई बघायला आला.

तिथून सुधीररावांबरोबर तुझ्या घरी गेले. त्यांनी चहा केला. मी न विचारता ते स्वतःच बोलायला लागले, आज सभेत भिंतीचा विषय निघाला म्हणून.

"सुषमाताई, ती भिंत रंगवली तेव्हा मी होतो तिथे. रविवार होता. शिडी मीच धरली होती."

इतकी वर्षं मी या माणसाला कधी विचारलंच नाही. तू त्यांना परिपूर्ण करून टाकलं होतंस ना.

"सात ओळींचंच ठरलं होतं," ते म्हणाले. "पण रंगाऱ्याचं माप चुकलं. खाली पट्टा रिकामा राहिला. तो म्हणाला, बाई, अजून एक लाइन बसेल, देऊ का? उजू म्हणाली, दे. झालं."

"झालं? म्हणजे जागा उरली म्हणून?"

"हो. मग घरी आल्यावर जेवताना म्हणाली, ती शेवटची बघायला पाहिजे होती."

"मग? बघितली का तिनं?"

"ते मला काय माहीत, ताई? मी तिला म्हटलं, भाजीत मीठ नाहीये. मग ती उठून मीठ आणायला गेली."

उजू, काय करू मी तुम्हा दोघांचं?

तर आता ऐक. निकाल मी लावलाय. तू मीठ आणलंस, जेवलीस, भांडी आवरलीस आणि विसरलीस. तुला माहीत नव्हतं. सापळाबिपळा काही नव्हता. ते तू माझ्यासमोर नाक वर ठेवायला फोनवर रचलंस, कुकरच्या शिट्टीच्या आत. आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरीसमोर जे बोललीस ते अक्षर अन् अक्षर खरं होतं. मला ते खरं हवंय. माझ्याशी हजार वेळा खोटं बोललीस तरी चालेल, मला सवय आहे. पण तिच्यासमोर पदर खोचून उभी राहिलीस ते सोंग नव्हतं, हे मी कुणालाही सांगेन.

तू चुकली होतीस. हे माझं शेवटचं म्हणणं.

पटत नसेल तर ये आणि भांड.